हीच ना दाढ?

म्हाळू खुर्चीतून उठून तिसऱ्यांदा दाराकडं निघाला, तेव्हा त्याच्या बायकोनं दारात काठी आडवी धरली. काठी त्याचीच होती.

"बसा गुमान," ती म्हणाली. "चार कोस चालून आलोय. आता तसंच माघारी न्यायला मी काय येडी हाय?"

"ठके, उद्या येऊ गं. आज न्हाई."

"उद्या उद्या करत आठ दिस गेले. भाकर गिळंना, पानी गिळंना. मेंढरं कुनी राखायची?"

म्हाळू धनगर सहा फुटी गडी. लिंबागणेशच्या पलीकडं डोंगराच्या कडेला त्याची वस्ती. लांडगा कळपात शिरला तर नुसत्या काठीनं हाकलणारा माणूस. पण टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली झाकलेली ताटली बघितली, की तो दाराकडं सटकत होता. मी हसलो नाही. त्या खुर्चीत मी पोलीस जमादाराला रडताना पाहिलंय. एक देशमुख तर असे पळाले, की त्यांचे जोडे दुसऱ्या दिवशी गड्यानं येऊन नेले.

निजाम सरकारचा दवाखाना होता तो, बीड जिल्ह्यातल्या एका कसब्यातला. कसब्याचं नाव सांगत नाही. चूक माझी होती, गावाला कशाला बोल लावू? डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उर्दू बोलणारे. मी कंपाउंडर. म्हणजे औषधं कालवणं, जखमा बांधणं, रजिस्टर लिहिणं आणि साहेब दौऱ्यावर असले की जे पुढ्यात येईल ते निभावणं. तिसरा आमचा चपराशी कासिमभाई. साहेब महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावरच असत. त्या आठवड्यात ते आष्टीकडं देवीची लस टोचायला गेले होते.

दात काढायला साहेबांनीच मला शिकवलं होतं. दोनेक वर्षांत माझा हात इतका बसला, की साहेब गावात असले तरी दातवाले पेशंट माझ्याकडंच पाठवत. हिरडी बधिर करायची सुई आमच्याकडं नव्हती. ती हैदराबादला असते असं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडं होता नुसता जंबूर. साहेब त्याला फोर्सेप्स म्हणत. लोखंडाची चिमटीच ती, दाढेला घट्ट धरून हलवत हलवत उपटायची.

म्हाळूचा डावा गाल जांभळासारखा तकाकत होता. सूज जबड्याखाली उतरायला लागली होती, अंगात कणकण होती. हे बघून मला काळजी वाटली. दाढेच्या मुळाशी पू झाला की तो वाट शोधतो. हिरडीतून फुटला तर माणूस वाचला. खाली गळ्याकडं उतरला तर गळा आतून सुजतो आणि श्वासच कोंडतो. आदल्या साली नेकनूरकडचा एक तरणाताठा पोरगा मी असा जाताना बघितला होता. म्हाळूची दाढ त्याच दिवशी निघायला हवी होती. ती निघाली तर पू वाहून जाणार होता. नाहीतर हा माणूस मरणार होता. इतकं ते सरळ होतं.

कासिमभाई बाह्या सरसावून उभा होता. "कायकू मगजमारी करते साब? बाजार का दिन है, चार आदम्यां बुलातऊं. दो हात पकडते, दो पाँव पकडते. हो गया काम."

सगळीकडं हीच पद्धत होती. चौघांनी दाबून धरायचं, पाचव्यानं उपटायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मला तिचा तिटकारा होता. एकदा असंच धरलेल्या म्हातारीचा खांदा निखळला, तेव्हापासून मी ती पद्धत बंद केली. आणि खरं सांगायचं तर मला फुशारकीही होती. पेशंट न धरता दाढ काढतो, असं माझं नाव झालं होतं. लोक म्हणत, कंपौंडरच्या जिभेला जादू हाय. जादूबिदू काही नव्हती. घाबरलेल्या माणसाला निवांत करायच्या चार साध्या गोष्टी मी शिकलो होतो, त्याही पेशंटकडूनच.

"कासिमभाई, ती ताटली आत नेऊन ठेव," मी म्हणालो. "आणि खुर्ची लिंबाखाली आण."

पहिली गोष्ट ही, की हत्यार माणसाच्या नजरेसमोर ठेवू नये. दुसरी, दवाखान्याच्या वासात बसवू नये. जखमा धुवायच्या कार्बोलिकचा वास नाकात गेला, की आमच्याकडचा माणूस अर्धा गार होतो, कारण त्याच्या ओळखीचं कोणीतरी त्याच वासात मेलेलं असतं.

मी ठकूबाईला विचारलं, "यांनी काही खाल्लंय का?"

"न्हाई सायब. सरकारी दवा हाय म्हून निरंकार आनलंय. काल सांजच्यानं कायबी न्हाई."

हे सगळेच करत. सरकारी औषध म्हणजे देवाचा नवस, उपाशीपोटी घ्यायचं. उपाशी माणूस आधीच थरथरतो, मग त्याला वाटतं आपण भीतीनंच थरथरतोय, आणि तो आणखी भितो. मी कोमट पाण्यात गूळ कालवून दिला. चावता येत नव्हतं म्हणून उजव्या बाजूनं घोट घोट प्यायला लावला. ओला पंचा पिळून मानेवर ठेवला. लवंगेच्या तेलात कापसाचे मोठे बोळे भिजवून डाव्या बाजूच्या मागच्या दाढांवर नीट बसवले. लवंगेनं ठणका बसतो, घटका दोन घटका का होईना.

"म्हाळबा, आता बोळा धरून बसा. घाई नाही. आज मला दुसरं काम नाही," मी म्हणालो. ही थाप होती. बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती.

त्यानं माझ्याकडं चमकून बघितलं. 'म्हाळबा' ऐकायची त्याला सवय नसावी. निदान दवाखान्यात तरी.

मग श्वास. घाबरलेला माणूस छाताडात भराभर श्वास भरतो आणि सोडायचं विसरतो. मी म्हणालो, "फुंकणीनं चूल पेटवता ना? तसं करा. आत थोडका घ्या, बाहेर लांब सोडा. जाळ झाला पाहिजे." दहा-बारा वेळा त्यानं तसं केलं. खांदे जरा खाली आले.

शेवटची आणि सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे बोलणं. पण दाताबद्दल नाही. 'घाबरू नको' असं तर मुळीच म्हणायचं नाही. ते ऐकलं की माणसाला कळतं, घाबरण्यासारखं काहीतरी आहे खरं.

"कळपात पुढं कोण चालतं, म्हाळबा?"

"पुडं?" बोळ्यामुळं त्याचा शब्द जड येत होता. "पुडं काळतोंडी. तिच्या मागं बांडी."

"आणि तिच्या मागं?"

"कानफाटी. तिची दोन कोकरं. मग लेकुरवाळ्या सगळ्या. आन् शेवटाला लंगडी. ती मागंच ऱ्हाती, तिला मी कंदी कंदी उचलून घेतो."

"उचलून? एवढी मोठी मेंढी?"

"लई गरीब हाय सायब. वरडत न्हाई. नुसती बगत ऱ्हाती."

पाठीवरून मी हात फिरवत होतो. ठकूबाईनं त्याचा एक पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला होता. तासाभरात तो असा निवळला, की डोळे मिटायला लागला. तीन रात्री न झोपलेला माणूस. ताटकळलेली माणसंसुद्धा भोवती येऊन बघत होती.

आता इथं काय झालं ते नीट सांगतो.

मी त्याचं तोंड उघडून बघितलं. डाव्या बाजूला खाली मागं दोन दाढा शेजारी शेजारी. पुढचीला ज्वारीच्या दाण्याएवढं काळं भोक. मागची पिवळी, पण वरून धड. भोकाची दाढ बघितली आणि मी मनात म्हणालो, सापडलीस.

साहेबांची शिकवण अशी होती, की नजरेवर भरोसा ठेवायचा नाही. जंबुराच्या दांड्यानं एकेक दाढ हलकेच ठोकायची. जिच्या मुळाशी पू आहे, ती ठोकली की माणूस खुर्चीतून उडतो. वरून धड दिसणारी दाढसुद्धा आतून मेलेली असू शकते. लवंग लावली तरी ठोका कळतो. मला हे सगळं पाठ होतं. पण तासभर खपून मी हा माणूस निवांत केला होता. ठोकलं असतं तर तो बोंब ठोकून उठला असता आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. सगळ्या बाजारासमोर माझी मेहनत मातीत. म्हणून मी ठोकलं नाही.

भोकाच्या दाढेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हाळबा, हीच ना?"

तो जरासा थांबला. मला वाटलं, थुंकी गिळतोय.

"व्हय सायब," तो म्हणाला. "हीच."

मी जंबूर पाठीमागं लपवून आणला आणि दाढ काढली. चिवट होती. कपाळावर घाम आला माझ्या. म्हाळूनं हूं की चूं केलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो फुंकणीचा श्वास लांब लांब सोडत राहिला. दाढ ताटलीत टणकन वाजली तेव्हा लोक 'वा' म्हणाले. कासिमभाई म्हणाला, "मान गया साब." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू?

पण पू आला नाही. नुसतं लाल रक्त. सडलेल्या दाढेचा एक घाण दर्प असतो, तोही आला नाही. ताटलीतल्या दाढेची मुळं स्वच्छ होती. हे सगळं मला दिसलं. मी स्वतःला समजावलं, की पू जरा खोल असेल, दोन दिवसांत आपोआप वाहील. मनाला पटवायचं ठरवलं की माणूस कशालाही पटतो.

ठकूबाईनं नवऱ्याला विचारलं, "निघाली का? बरं वाटतंय का?"

"वाटतंय," म्हाळू म्हणाला. त्यानं वाकून मला हात जोडले.

"मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरा. परवा पुन्हा दाखवायला या," मी सांगितलं.

"येतो सायब."

रजिस्टरात मी लिहिलं, दाढ काढली, मरीज निवांत गेला.

परवा तो आला नाही. आला नाही म्हणजे बरा झाला, असं आम्ही दवाखान्यातले लोक धरून चालतो. बरं झालेला माणूस दाखवायला येत नाही, हे खरंच आहे. पण मेलेलाही येत नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बैलगाडी आली. साहेब आदल्या दिवशीच परतले होते. गाडीत घोंगडीवर म्हाळू होता, उशाशी ठकूबाई, मागून वस्तीवरची माणसं. गळा छातीपर्यंत सुजून एक झाला होता, हनुवटी कुठं संपते ते कळत नव्हतं. जबडा दोन बोटंही उघडत नव्हता. श्वास घेताना घरघर वाजत होतं. साहेबांनी एकदाच हात लावला आणि चाकू उकळायला टाक म्हणाले.

पू बाहेर काढायला हनुवटीखाली छेद द्यायचा होता. मी त्याच्या उशाशी बसलो. सवयीनं तोंडातून निघालं, "म्हाळबा, लांब श्वास सोडा." सोडणार काय? आत जातच नव्हता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि ओळखीचं हसल्यासारखं केलं. यावेळी घाबरलेला तो नव्हता. घाबरलेला मी होतो. साहेबांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मला बाजूला केलं आणि बत्ती धरायला कासिमभाईला बोलावलं.

पू निघाला, पण उशीर झाला होता. दुपारच्या आत म्हाळू गेला. दवाखान्याच्या ओसरीवर, उजेडात, आम्हा सगळ्यांच्या देखत.

साहेबांनी हात धुतले. जबडा आता सैल पडला होता. त्यांनी तोंडात बत्तीचा उजेड पाडला, बराच वेळ बघितलं. मागची दाढ बोटानं हलवली. ती डुगडुगत होती आणि कडेनं पू येत होता.

"किसने निकाली?" त्यांनी विचारलं.

"मी, साहेब."

"ठोक के देखा था?"

"नाही."

"क्यूँ?"

मी म्हणालो, "शांत झाला होता, साहेब."

ते रागावतील असं मला वाटत होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "रजिस्टर में सच लिखना." आणि आत गेले. मी खरं लिहिलं. चुकीची दाढ काढली, मरीज दगावला. ती ओळ लिहायला मला जितका वेळ लागला, तितका मला कशालाही लागला नाही.

कासिमभाई ओसरी धुवायला पाणी घेऊन आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "चार आदम्यां पकडते ना साब, तो चिल्लाता, माँ-बहन की गाली देता, और बोलता, ये नहीं वो वाली है." चौघांनी धरणं बरोबर, असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी त्याचं बोलणं खरं होतं.

वस्तीवरचे लोक गाडी जुंपत होते. ठकूबाई लिंबाला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिनं माझी गचांडी धरावी, शिव्या द्याव्यात, असं मला मनापासून वाटत होतं.

"बाई, माझी चूक झाली," मी म्हणालो. "मी दुसरीच दाढ काढली."

"ठावं हाय," ती म्हणाली.

मला कळेना. "कधीपासून?"

"त्याच दिशी. आमी इथनं निगालो, वड्यापतुर गेलो. तितं खाली बसले आन् म्हनले, ठके, दुखती ती तोंडातच हाय की गं. मी म्हनलं, मंग सांगितलं कावून न्हाई? चला माघारी. तर न्हाईच म्हनले."

"का पण?"

"म्हनले, सायब लई मायेनं बोलला. पाठीवरनं हात फिरीवला, म्हाळबा म्हनला. आजवर कुन्या सरकारी मानसानं मला अरेतुरे बिगर हाक मारली न्हाई. त्यानं इचारलं हीच ना, तर त्याला न्हाई कसं म्हनू? त्याला किती वाईट वाटलं आस्तं. आन् माघारी गेलो तर म्हनले, वरचा सायब त्याला बोलंल. एवडा चांगला मानूस, त्याची नोकरी जाईल. जातंय दुखनं आपोआप, म्हनले."

मी तिथंच मातीत बसलो. गाडी निघून गेली.

आमच्या मुलखात सरकारी माणसानं विचारलं की उत्तर एकच, 'व्हय मालक'. पटवाऱ्यानं विचारलं, हा बांध तुझाच ना? व्हय मालक. जमादारानं विचारलं, तूच होतास ना? व्हय मालक. 'न्हाई' म्हणायची कुणाची टाप नव्हती. हे मला माहीत होतं, मी त्याच मातीतला. पण माझा समज असा, की आपण गोड बोलतो, आपल्यापुढं लोक मोकळे होतात. तसं नव्हतं. जमादाराला तो भीतीपोटी व्हय म्हणाला असता. मला मायेपोटी म्हणाला. दाढ मात्र दोन्हीकडं चुकीचीच निघाली असती.

माझ्यावर कसलीच कारवाई झाली नाही. धनगराचं कोण वरपर्यंत जातंय? साहेबांनी पंधरा दिवस मला जंबुराला हात लावू दिला नाही. सोळाव्या दिवशी एक पेशंट माझ्याकडं पाठवला आणि तो होईपर्यंत माझ्या मागं उभे राहिले.

नोकरीत पुढं मी शेकड्यानं दाढा काढल्या. गुळाचं पाणी, ओला पंचा, फुंकणीचा श्वास, गप्पा, यातलं काहीही सोडलं नाही. त्या गोष्टी खऱ्या आहेत, आजही कुणी विचारलं तर त्याच सांगेन. फक्त आता मी आधी ठोकतो. माणूस ओरडतो, शिव्या घालतो, घालू द्यावं. लवंग नंतर. आणि 'हीच ना?' हे दोन शब्द मी त्या दिवसापासून तोंडाबाहेर काढले नाहीत. आरसा हातात देतो, विचारतो, "कोणती?" आणि गप्प बसतो.

काही लोक वैतागतात. परवाच एक म्हातारा म्हणाला, "एवढं मोठं भोक पडलंय, तुमाला दिसत न्हाई व्हय?"

"न्हाई दिसत," मी म्हणालो. "तुम्हीच बोट ठेवा."